जिभेवर ताबा नाही, की वेळेवर?



मधुमेहाच्या गोळ्या पूर्वी आपल्याला आजी-आजोबांच्या उशाशी दिसायच्या. आता रोज विरार लोकलने मुंबई गाठणाऱ्या पस्तिशीतल्या तरुणांच्या बॅगेतही त्या असतात. आम्ही आजाऱ्यांच्या भेटीला गेलो की घरातले कोणीतरी म्हणते, “फादर, याचा जिभेवर ताबाच नाही.” तो तरुण मान खाली घालतो. हा दोष खरोखर त्याचा एकट्याचा आहे का?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरी प्रौढांमध्ये १६.४ टक्के, तर ग्रामीण प्रौढांमध्ये ८.९ टक्के आढळले. म्हणून शहरातला माणूस मनाने दुप्पट दुबळा, असे कोणी म्हणेल का? बदलले आहे ते जगणे. आपले वाडवडील केळी, भाजी, दूध घेऊन पहाटे मुंबईला जात आणि परतल्यावर वाडीत राबत. तांदळाची भाकर पोटभर खात, ती अंगमेहनतीत जिरत असे. आज वाड्यांच्या जागी इमारती आल्या. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी गार डबा, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव आणि रात्री दहाला भरपेट जेवण. बाकी वेळ खुर्चीत.

संत थॉमस अक्वायनस यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि जिभेचे फाजील लाड. या सर्वांत वासना विवेकावर मात करते. सहा तास उपाशी राहून वडापाव खाणाऱ्याला या यादीत बसवणे अन्यायाचे ठरेल. जिथे निवडीला वाव नाही, तिथे दोष नाही.

मग सारा दोष शहराच्या माथी मारून आपण मोकळे होतो का? नाही. जेवढा वाव, तेवढी जबाबदारी. शिवाय एकाची परिस्थिती म्हणजे बहुधा दुसऱ्याची सवय असते. “घरचे खा” असा उपदेश करणे सोपे आहे. पण ते शिजवते कोण? त्याच गर्दीच्या गाडीतून थकून आलेली आई, बहीण, पत्नी. तिला हात न लावता तिच्याकडून पौष्टिक जेवणाची अपेक्षा करणे, हाही अविचारच. धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर मुलांच्या हाती वेफर्सची पाकिटे देतो, सणाला थंड पेयांचे खोके मागवतो, ते आपणच. यात आम्ही धर्मगुरूही आलो.

म्हणून एक सुरुवात करूया. पुढच्या रविवारपासून मुलांना वेफर्सऐवजी केळे आणि भाजलेले चणे देऊ. घरोघरी पुरुषांनी आणि मुलांनी रात्रीच भाजी निवडून, चिरून ठेवावी. आठवड्यातून निदान एकदा सर्वांनी लवकर, मोबाईल बाजूला ठेवून, एकत्र जेवावे. तिशी ओलांडलेल्यांनी रक्तातील साखर तपासून घ्यावी. आणि आजारी माणसाला दोष देण्याआधी त्याचा दिवस कसा जातो, ते विचारावे.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकर एकट्यासाठी मागत नाही, सर्वांसाठी मागतो. मग ती पचेल, अंगी लागेल अशी मिळावी, ही काळजीही सर्वांचीच.

आपले,
प्रमुख धर्मगुरू