सटवाईचा लेख आणि जुळ्यांची नोंद

मूल जन्मले की पाचवी-सहावीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते, अशी श्रद्धा. पण घरात जुळी जन्मली तर? रात्र एक, पाट एक, आईही एकच. मग दोघांचा लेखही एकच असावयाचा काय?

हा प्रश्न थट्टेचा वाटला, तरी त्यात एक जुने कोडे दडले आहे. माणसाला जे भोगावे लागते, ते रक्तातून येते की परिस्थितीतून? इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन ह्याने १८७५ साली हे कोडे जुळ्यांपुढेच मांडले. एका बीजाची जुळी वारशाने जवळजवळ एकरूप असतात. दोन बीजांची जुळी मात्र इतर सख्ख्या भावंडांइतकीच, सरासरीने निम्मी सारखी. एखादा रोग पहिल्या प्रकारच्या जोडीत दोघांनाही अधिक वेळा गाठत असेल, तर त्यात वारशाचा हात आहे असे समजावे.

मात्र चार-दोन जोड्यांवरून असा निवाडा होत नाही. म्हणून डेन्मार्कने १९५४ साली जुळ्यांची नोंदवही सुरू केली आणि १८७० पासून जन्मलेली जुळी चर्चच्या दप्तरांतून हुडकून काढली. त्यांतील २,८७२ जोड्यांचे आयुष्य तपासून १९९६ साली असा निष्कर्ष निघाला की, माणसामाणसांच्या आयुर्मानात जो फरक पडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा वारशाचा. हा हिशेब साऱ्या समाजातील फरकाचा आहे. एका माणसाच्या ऐंशी वर्षांतली वीस वर्षे वारशाची, असा त्याचा अर्थ नव्हे.

१९५८ च्या सुमारास रोनाल्ड फिशर ह्या थोर संख्याशास्त्रज्ञाने अशी शंका काढली होती की, धूम्रपानाची ओढ आणि फुप्फुसाचा कर्करोग ही दोन्ही एकाच वारशाची फळे तर नसतील? फिशर स्वतः पाइप ओढीत. पुढे फिनलंडच्या नोंदवहीत अशा जोड्या शोधल्या गेल्या, ज्यांत एक ओढणारा आणि दुसरा न ओढणारा. तेव्हा एका बीजाच्या जुळ्यांतही ओढणाराच बहुधा आधी गेलेला आढळला. वारसा तोच, शेवट मात्र निराळा!

“आमचे आजोबा विड्या ओढून नव्वदीला पोचले,” असे म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे. पण उरलेला तीन-चतुर्थांश हिस्सा सगळा आपल्या मुठीत आहे, असेही नाही. त्यात लहानपणचे अन्नपाणी आहे, साथी आहेत, अपघात आहेत, निव्वळ योगायोगही आहे. वारसा तोच असून जुळ्यांपैकी एकालाच कर्करोग व्हावा आणि दुसऱ्याला होऊ नये, असे कितीदा तरी घडते. तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी बसून “तू पथ्य पाळले नाहीस” असे म्हणण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही. स्वतःपुरते प्रयत्नाला मानावे, दुसऱ्याच्या बाबतीत दैवालाही जागा ठेवावी. आपण नेमके उलट करतो.

हे शहाणपण आपल्याला मिळाले ते हजारो जुळ्यांमुळे. वर्षानुवर्षे आपल्या सवयी आणि आजार ती निमूटपणे कळवीत राहिली. बहुतेकांना त्याचा स्वतःला काहीच लाभ व्हावयाचा नव्हता.