वैमानिकाने बोलावे काय?

नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर हीच महाभारतातील एकचक्रा नगरी, असे परंपरा सांगते. इतिहासाच्या कसोटीस ही परंपरा कितपत उतरते हा प्रश्न निराळा. परंतु बकासुराच्या त्या कथेतील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. एकचक्रेचे लोक भित्रे होते खरे, पण अव्यवस्थित मुळीच नव्हते. गाडाभर अन्न, दोन रेडे व एक माणूस, अशी घरोघर पाळी ठरलेली होती. ज्याची पाळी येई त्याच्या घरी आकांत होई, आणि शेजारी आपली पाळी दूर आहे एवढ्यावर समाधान मानून स्वस्थ बसे. संकटाची अशी सुरळीत व्यवस्था लागली, म्हणजे त्याविषयी बोलणे हाच अपराध ठरू लागतो.

विमानतळाच्या बंदोबस्तातील उणीव एखाद्या वैमानिकास दिसली, तर त्याने ती वृत्तपत्रांस सांगावी काय, या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. 2010 साली अमेरिकेतील एका वैमानिकाने सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरील चित्रफिती लोकांपुढे मांडल्या. वैमानिकांची कसून झडती होते, परंतु तळावरील कामगार नुसते ओळखपत्र यंत्रावर फिरवून आत जातात, हे त्याला दाखवावयाचे होते. थोड्याच दिवसांत सरकारी अधिकारी त्याच्या घरी आले व विमानरक्षणार्थ त्यास दिलेले पिस्तूल घेऊन गेले.

अधिकाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. वृत्तपत्र जसा सज्जन वाचतो, तसा चोरही वाचतो. शिवाय वैमानिकास दिसते ती एक बाजू. दाराआड दुसरी एखादी योजना असेल, तर ती त्यास ठाऊक असेलच असे नाही. परंतु ज्या दारातून रोज शेकडो माणसे ये-जा करतात, त्या दाराचे गुपित ते कोणते? ते अज्ञात असते केवळ एका माणसास, आणि तो म्हणजे तिकिटाचे पैसे मोजून विमानात बसणारा प्रवासी.

बंदोबस्ताकडून धावपट्टीकडे वळलो, तर आपल्या देशातील उदाहरण अधिक बोलके आहे. 2010 साली मंगळूर येथे विमान धावपट्टीपलीकडे जाऊन 158 माणसे दगावली. त्यानंतर 2011 साली कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी सरकारच्या विमानसुरक्षा सल्लागार समितीच्या अध्यक्षांस पत्र लिहिले. पठारावरील कोझिकोडच्या धावपट्टीवर, पावसात व मागून वारा असता, विमान उतरविणे धोक्याचे आहे, असा त्यातील इशारा होता. 7 ऑगस्ट 2020 रोजी त्याच धावपट्टीवर, तशाच पावसात व तशाच वाऱ्यात, दुबईहून आलेले विमान दरीत कोसळले आणि 21 माणसे मृत्यू पावली. त्यांत कॅप्टन दीपक साठे होते; त्यांचे वृद्ध आईवडील नागपुरात, म्हणजे केळझरपासून अवघ्या पन्नासएक किलोमीटरांवर, राहत होते. चौकशी अहवालाने मुख्य ठपका विमान उतरविण्याच्या पद्धतीवर ठेवला, हे सांगणे प्राप्त आहे. केवळ पत्राने अनर्थ टळला असता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. परंतु त्या पत्राची सर्वत्र चर्चा झाली ती प्रेते मोजल्यानंतर, एवढे तरी निर्विवाद आहे.

आमच्या मते मौनाचे दोन प्रकार आहेत. कुंतीने आपल्या मुलाची गोष्ट कोणासही न सांगण्याविषयी यजमानास बजावले; ती बाहेर फुटली असती तर पांडवांचा शत्रू जागा झाला असता. हे मौन माणसे वाचविणारे होते. बकासुराच्या पाळीविषयीचे मौन मात्र केवळ घडी मोडू न देणारे होते. कुलूप कोणत्या युक्तीने उघडते, हे सांगणे वैमानिकास केव्हाही शोभणार नाही. पण कुलूप नादुरुस्त आहे, आपण अमुक दिवशी कळविले व उत्तर आले नाही, हे सांगण्याचा त्यास अधिकार आहे. मात्र त्याने प्रथम वरिष्ठांस लेखी कळवावे, संकटाच्या मानाने वाट पाहावी, दुसऱ्या अधिकाऱ्याचे दार ठोठवावे, आणि मगच वृत्तपत्राकडे वळावे.

तथापि सारा भार एकट्या वैमानिकाच्या खांद्यावर टाकणे हेही अन्यायाचे होय. त्यास संसार आहे, नोकरी आहे. अमेरिकेत 1976 पासून अशी सोय आहे की वैमानिक आपले निवेदन तेथील अंतराळ-संशोधन संस्थेकडे धाडतो, ती त्यावरील नावगाव काढून टाकते, आणि दोष तेवढा सर्वांस कळतो. आपल्याकडे दोष उघड करणाऱ्या माणसाच्या रक्षणार्थ 2014 साली कायदा संमत झाला. पण संमतीनंतर वर्षे लोटली तरी त्याचा अंमल सुरू झाला नाही. असे दार ज्याने उघडे ठेविले, त्यासच वैमानिकाने चव्हाट्यावर जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार पोचतो.

आणि आपण वाचकांनी काय करावे? मुलगा परदेशी असल्यामुळे विमानतळाची वाट आता घरोघरी ठाऊक झाली आहे. पुढे कोणी वैमानिक वृत्तपत्रांत बोललाच, तर त्याने शिस्त मोडली की नाही याचा निवाडा करण्यापूर्वी एवढेच विचारावे, की त्याच्या पहिल्या पत्रास उत्तर कोणी दिले होते?