टाके निघेपर्यंत

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवरून गोटे सुटतात. या गोटमारीत माणसं मेलीही आहेत. भाचीला या दोन गावांवर माहितीपट करायचा आहे.

"मामाजी, गोटमार मला दाखवायचीच नाही. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस दाखवायचे."

"काहून?"

"बाहेरच्यांना आपण दगडांपुरतेच माहीत. २०२३ मध्ये पांढुर्णा-सौंसरचा वेगळा जिल्हा झाला, तरी बातमी गोटमारीचीच. मध्य प्रदेशात राहून आपण घरात मराठी बोलतो, संत्री पिकवतो, नदीपलीकडे मुली देतो, हे कोण दाखवणार? रोजचं जगणं दाखवणारा एक जण होऊन गेला. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. त्याच सुमारास विनफ्रीड युंगे हा पूर्व जर्मन दिग्दर्शक गोल्झो गावात पहिलीच्या वर्गात कॅमेरा घेऊन गेला. त्याच पोरांचं जगणं तो टिपत राहिला. शेवटचा भाग २००७ मध्ये आला."

"आणि भिंत?"

"१९८९ पर्यंत तिच्याविषयी मोकळं बोलायची सोयच नव्हती."

"त्याला बोलू देत नव्हते. तुला कोण अडवून राहिलं?"

ती गप्प झाली. मामांच्या डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ कपाळात चढली आहे. तेवढ्या जागी केस उगवत नाहीत. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"हा गोटा कोणाचा, माहीत नाही. तुझी मामी सावरगावची. त्या दिवशी समोर तिचे दोन्ही भाऊ होते. रात्री तेच मला पाहायला आले. थोरल्यानं बशीत चहा ओतून हातात दिला. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आजवर नाही. हे तू गोटमारीत धरशील का रोजच्यात?"

"म्हणजे दगड दाखवू?"

"बर्लिनची भिंत सरकारनं बांधली. इथं सरकार थांबा म्हणते, रबरी चेंडूही देऊन पाहिले, तरी गोटे आम्हीच उचलतो. मीही उचलले. ते वगळून आमचं रोजचं कसं पुरं होईल, पोरी?"

"मग कॅमेरा कुठं ठेवू?"

"ते तुझं काम. पण झेंडा पडला की टीव्हीवाले गाड्या काढतात. मग दोन्ही गावं मिळून तो झेंडा चंडीमातेला नेतात, तेवढंही कोणी थांबत नाही. तू थांब. टाके आठव्या दिवशी निघतात."