अर्धा ताल पायांत

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी घानाच्या आग्नेय किनाऱ्यावरील आन्लोगा गावात आन्लो-एवे समाजाचा होगबेत्सोत्सो उत्सव भरतो. आजच्या टोगोतील नोत्सी येथील अगोकोली राजाच्या जाचातून पूर्वज निसटले, त्याची ही आठवण. परंपरा सांगते, की बायकांनी सांडपाणी रोज एकाच जागी ओतून तटाची मातीची भिंत भिजवली आणि शेवटच्या रात्री ढोलांच्या आवाजाआड लोकांनी ती फोडली. ज्यांच्या सुटकेच्या कथेतच ढोल आहे, त्यांच्या वादनाकडे करमणूक म्हणून पाहणे अपुरे पडते.

तरीही जगभरच्या महोत्सवांत पश्चिम आफ्रिकी वादनाचे कौतुक होते ते आवेगाचे, उसळत्या उत्साहाचे. या कौतुकात नकळत अवहेलना असते. त्यामागची शिस्त कुणाला दिसतच नाही.

आन्लो लोकांचा आग्बाद्झा घ्या. युद्धनृत्यातून आलेला हा प्रकार आज अंत्यविधीतही नाचला जातो आणि सणातही. त्यात गांकोग्वी ही लोखंडी घंटा बारा मात्रांच्या आवर्तनात सात आघात देते: पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. नाचणाऱ्यांची पावले पडतात पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मात्रेवर. म्हणजे चारांपैकी दोनच पावलांना घंटेची साथ. कागानू हा सर्वांत लहान ढोल तर पावलाची मात्रा मोकळी सोडून पुढच्या दोन मात्रांवर वाजतो. ज्या ठेक्याच्या आधाराने हे सारे विणलेले आहे, तो नाचणाऱ्यांच्या पायांत आहे.

आपल्या मैफलीत सम सापडली की श्रोता बसल्या जागी हातावर ताल धरून गायकाला सोबत करतो. आग्बाद्झात बसून राहणाऱ्याला घंटा ऐकू येते, ढोल ऐकू येतात, पण त्यांना जोडणारा धागा हाती लागत नाही. मग तो या संगीताला ‘गूढ’ किंवा ‘अतिगुंतागुंतीचे’ म्हणतो. मूळचे एवे असलेले संगीतशास्त्रज्ञ कोफी अगावू यांनी आफ्रिकी लयीला असे परके, अगम्य ठरवण्याला ठाम विरोध केला आहे. चार पावले टाकायला शिकलेल्या माणसाला त्यांचे म्हणणे लगेच पटेल.

या रचनेत मला एक सामाजिक नीतीही दिसते. सोगो हा मुख्य ढोल नवनवे बोल काढतो, किडी हा दुसरा ढोल त्याला उत्तर देतो. कागानूवादक मात्र तीच छोटी जोडी न कंटाळता, न डळमळता वाजवत राहतो. सोगोचे स्वातंत्र्य त्याच्या चिकाटीवर उभे आहे. छोट्या कामाला इतकी प्रतिष्ठा देणारी कला आदराने शिकण्याजोगी आहे.

संगीताने प्रवास करूच नये, असे मी म्हणत नाही. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश १९७० साली घानात एवे वादन शिकले आणि त्यानंतर त्यांची ‘ड्रमिंग’ ही रचना आकाराला आली. अशा देवाणघेवाणीने जगाचे संगीत समृद्धच होते. पण एवे वादकांना महोत्सवात बोलावून दहा मिनिटांचा वेळ आणि समोर खुर्च्यांच्या रांगा देणे, हा त्यांच्या कलेवर अन्याय आहे. आयोजकांनी खुर्च्या हटवाव्यात, तासभर द्यावा आणि वादनाआधी पावले शिकवणाऱ्यालाही मानधन द्यावे. ठेका धरायला कुणी उभेच राहिले नाही, तर वादक कितीही निष्णात असले तरी आग्बाद्झा अपुराच राहील.