दिशा आणि कुंपण

महाडहून मक्का साधारण साडेतीन हजार किलोमीटरवर आहे. दिशा म्हणाल तर पश्चिमेपासून सुमारे १२ अंश उत्तरेकडे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारलीत तर हा कोन ६ अंशांच्या आसपास येतो. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट कमानीसारखी जाते, म्हणून हा फरक. फोनमधलं किब्ला दाखवणारं ॲप हेच गणित करतं.

ॲप नसेल तरी चालतं. दरवर्षी २८ मेच्या आसपास, आपल्या घड्याळात दुपारचे २ वाजून ४८ मिनिटं झालेली असताना, सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या मिनिटाला पोलादपूरच्या स्टँडबाहेर एक काठी सरळ उभी करा. सावली पडेल त्याच्या बरोबर उलट दिशेला मक्का. १६ जुलैच्या सुमारासही हा योग येतो, पण तेव्हा आपल्याकडे सूर्य दिसायची मारामार.

महाडात आणि सावित्रीच्या काठच्या गावांत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. तिथली माणसं दिवसातून पाच वेळा या दिशेला तोंड करतात. प्रश्न असा पडतो की देव एका जागेत मावत नाही असं ठामपणे सांगणाऱ्या धर्माला दिशा हवीच कशाला? गंमत म्हणजे हा प्रश्न कुराणाने टाळलेला नाही. पूर्व आणि पश्चिम दोन्ही अल्लाहचीच, असं तिथे आहे. नुसतं इकडे किंवा तिकडे तोंड करणं म्हणजे चांगुलपणा नव्हे; अनाथ, गरीब, वाटसरू यांच्यासाठी आपलं धन खर्च करणं हा चांगुलपणाचा भाग आहे, असंही आहे. शिवाय सुरुवातीला नमाजाची दिशा जेरुसलेमची होती. ती ६२४ च्या सुमारास मक्केकडे वळली.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दिशा हा प्रोटोकॉल आहे. दोन कॉम्प्युटरना एकमेकांशी बोलायचं तर आधी काहीतरी ठरलेलं लागतं. महाडचा दुकानदार आणि मोरोक्कोतला शेतकरी एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण दोघांच्या रेघा एकाच बिंदूवर मिळतात. जागेचं पावित्र्य दगडात असतं की इतक्या लोकांनी एकत्र दिलेल्या लक्षात? श्रद्धाळू माणूस वेगळं उत्तर देईल, पण मला दुसरं पटतं.

दिशा फुकट असते. तिला दार नसतं, तिकीट नसतं. शहराला मात्र हद्द असते. मक्केभोवती ‘हरम’ची हद्द आहे. तिच्या आत शिकार करायची नाही, रानातलं झाड तोडायचं नाही. हजला आलेले पुरुष न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं नेसतात, त्यामुळे मालक कोण आणि नोकर कोण हे कपड्यांवरून कळत नाही. १९६४ मध्ये माल्कम एक्स तिथे गेला आणि गोऱ्या मुसलमानांबरोबर एका ताटात जेवल्यावर त्याची वंशाबद्दलची मतं बदलली. पण बिगरमुसलमानाला त्या हद्दीत प्रवेश नाही. आणि आज मशिदीला लागूनच ६०१ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा उभा आहे. त्यात आलिशान हॉटेलं आहेत. जमिनीवर सगळे समान, खोलीचं बिल मात्र ज्याच्या-त्याच्या ऐपतीचं.

कुंपणाचा विषय महाडच्या माणसाला शिकवावा लागत नाही. चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्ये कागदावर सर्वांना खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक तिथलं पाणी प्यायले, तेव्हा त्यांना मारहाण झाली. पुढे तळ्यात पंचगव्याचे १०८ घडे ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं. मुसलमानांनी तिथलं पाणी भरलेलं तोवर चालत होतं. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. कोर्टाचा अंतिम निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला.

यावरून एक धर्म समतेचा आणि दुसरा विषमतेचा, असा निकाल लावणं सोपं आहे. पण भारतातल्या मुसलमानांतही अशराफ-पसमांदा हा भेद आहे, आणि दोन पांढऱ्या वस्त्रांतली समता घरी आणणं सोपं नसतं. फरक मला कुंपणांच्या जातीत दिसतो. मक्केचं कुंपण श्रद्धेचं आहे. ते मला आवडत नाही, पण श्रद्धा स्वीकारणाऱ्याला ते ओलांडता येतं. तळ्याचं कुंपण जन्माचं होतं. ते काही केलं तरी ओलांडता येत नव्हतं. दुसरं म्हणजे, एकत्र प्रार्थना करणाऱ्यांनी ‘आमच्यात कोण’ हे ठरवणं मी एकवेळ समजू शकतो. पाण्याच्या बाबतीत तो अधिकार कुणालाच नाही.

आणि इथे मक्केचीच कथा साक्षीला येते. ती कोरडी खोरी. महाडात जुलैच्या एखाद्या दिवशी पडतो तेवढा पाऊस तिथे वर्षभरात पडला तरी पुष्कळ. इस्लामी परंपरेनुसार हाजर आपल्या तान्ह्या बाळासह तिथे एकटी राहिली होती. बाळ तहानेने व्याकुळ झालं म्हणून ती सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावली, आणि मग झमझमचं पाणी लागलं. परंपरा तिला दासी म्हणते. आजही राजा असो वा हमाल, हजला गेलेला प्रत्येक जण त्या दासीच्या वाटेने सात फेऱ्या घालतो. म्हणजे त्या शहराच्या गोष्टीच्या मुळाशी एका परक्या बाईची तहान आहे.

चवदार तळ्यावरही दर मार्चला हजारो माणसं येतात, तीही एका तहानेची आठवण म्हणूनच. तिथे जाऊन आलेला माणूस आणि हजहून आलेला हाजी यांना एकच प्रश्न विचारता येईल: तुमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बाईसाठी पाण्याचा ग्लास वेगळा ठेवलाय का? कारण किब्ला शोधायला फोन पुरतो, पण या प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकघरातच तपासावं लागतं.