निक्षेपधर्म : मुलांच्या क्रीडासंस्था, विश्वास आणि राखण

मनुस्मृतीत न्यायनिवाड्यास येणाऱ्या वादविषयांची, म्हणजेच व्यवहारपदांची, अठरा नावे सांगितली आहेत आणि त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ दुसरे स्थान निक्षेपाला दिले आहे. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली ठेव. तिचा ताबा सांभाळणाऱ्याकडे जातो, मालकी जात नाही, आणि जशी दिली तशी ती परत करणे हे त्याचे कर्तव्य ठरते. अमेरिकेतील एखाद्या गावची मुलांची बेसबॉल लीग असो वा महाराष्ट्रातील कबड्डीचे मंडळ असो, पालक अशा संस्थेच्या हाती एकाच वेळी दोन ठेवी देतात : आपले मूल आणि आपली वर्गणी. जिथे सारा कारभार ओळखीच्या माणसांच्या भरवशावर चालतो, तिथे देखरेखीचे नियम घालणे हा त्या भरवशाचा अवमान आहे की त्याचेच अंग आहे, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

विश्वासाचे स्वरूप तपासल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही. ॲनेट बायर या तत्त्वचिंतक विदुषीने १९८६ मधील आपल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, विश्वास ठेवणे म्हणजे आपले नुकसान करण्याची शक्ती दुसऱ्याच्या हाती देणे आणि तो ती वापरणार नाही असे धरून चालणे. प्रौढ माणूस ही जोखीम समजून उमजून पत्करतो. मुलाची जोखीम मात्र मोठी माणसे त्याच्या वतीने पत्करतात. शिवाय मूल ही कोणाच्याही मालकीची वस्तू नव्हे, पालकांच्याही नव्हे. उद्या जो प्रौढ माणूस उभा राहणार आहे, त्याची ती ठेव आहे, आणि म्हणून तिचा हिशेब अधिक कडक असला पाहिजे. ओनोरा ओनील यांनी २००२ च्या रीथ व्याख्यानांत विश्वास आणि विश्वासार्हता यांत जो भेद केला, तो इथे निर्णायक ठरतो : विश्वास ही ठेवणाऱ्याची वृत्ती आहे, विश्वासार्हता हा ज्याच्यावर तो ठेवला जातो त्याचा गुण आहे, आणि पहिला दुसरीचा पुरावा होऊ शकत नाही.

अमेरिकी जिम्नॅस्टिक्स महासंघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्या प्रकरणात हा भेद विसरल्याची किंमत दिसते. सरावशिबिरांत प्रशिक्षक कठोर वागत, तेव्हा खेळाडू मुलींना गुपचूप खाऊ देणारा आणि त्यांचे दुःख ऐकून घेणारा तोच होता. तपासणीच्या वेळी कित्येकदा आई खोलीतच बसलेली असे आणि तिला काही दिसू नये अशा बेताने तो मध्ये उभा राही. २०१६ मध्ये रेचल डेनहॉलंडर यांनी वृत्तपत्राकडे उघडपणे तक्रार केली, आणि जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक स्त्रियांनी न्यायालयाला आपली कहाणी ऐकवल्यानंतर त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधीही मुलींनी तक्रारी केल्या होत्या. पण ऐकणाऱ्यांनी त्याच्या लौकिकालाच पुरावा मानले, आणि मुलीचा शब्द त्या लौकिकापुढे हलका पडला.

पैशाचा अपहार याहून लहान पाप असले, तरी त्याची घडण हीच असते. खजिनदार म्हणून वर्षानुवर्षे राबणारा भला माणूस वर्गणी स्वीकारतो, सामन्याच्या दिवशी खाद्यपदार्थांच्या टपरीवरची रोकड घरी नेऊन मोजतो, धनादेशावर एकटाच सही करतो, बँकेचे विवरणपत्रही त्याच्याच पत्त्यावर येते आणि वार्षिक सभेपुढचा जमाखर्चही तोच वाचतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखवले. मनुष्यस्वभाव पाहून आधीच बंदोबस्त करणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, अशी त्यामागची दृष्टी होती. एकाच्याच हाती किल्ली, आडोसा, लौकिक आणि भोवतालच्यांचा संकोच या चार गोष्टी एकत्र आल्या, की दोन्ही ठेवी सारख्याच उघड्या पडतात. फरक इतकाच की पैसा व्याजासह भरून देता येतो, बालपण देता येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. आपल्याकडच्या तालमीत वस्तादाचा शब्द अखेरचा असतो आणि खेळाची विद्या अशा समर्पणाशिवाय येत नाही. तेव्हा प्रत्येक प्रशिक्षकाकडे संशयाने पाहिले तर गुरुशिष्यातला जिव्हाळाच आटेल, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे, कारण भल्या प्रशिक्षकाचा पाठीवरचा हातही मुलाला घडवत असतो. परंतु गुरूचा अधिकार विद्येपुरता असतो, शिष्याच्या देहावर तो कधीच नसतो. संशय व्यक्तीवर घेतला जातो; नियम सर्वांना सारखाच लागू होतो, म्हणून तो कोणाचाही अपमान करत नाही. प्रशिक्षक आणि मूल दोघेच असतील तेव्हा ती जागा इतरांच्या नजरेत असावी आणि कोणालाही मध्येच तिथे जाता यावे, रोकड दोघांनी जागेवरच मोजावी, विवरणपत्र खजिनदाराखेरीज दुसऱ्याने उघडावे, या साध्या व्यवस्थेमुळे प्रामाणिक माणसाचे निर्दोषत्वही सिद्ध करता येते.

या व्यवस्थेइतकेच महत्त्व बोलण्याच्या कर्तव्याला आहे. भारतातील २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती वा तो होण्याची शंका असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि कलम २१ नुसार हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संस्थेची अब्रू राखण्यासाठी धरलेले मौन म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीतून आपली अब्रू विकत घेणे होय, हे या तरतुदींमागचे नैतिक तत्त्व आहे. निक्षेपधर्म कळलेला माणूस हिशेब मागितला जाण्याची वाट पाहत नाही. तो स्वतःहून वही उघडतो, दार उघडे ठेवतो आणि सरावानंतर घरी परतलेले मूल काही सांगू लागले, तर सर्वांत आधी त्याचे ऐकून घेतो.