आयोगातल्या खुर्च्या कोण भरतं?

चि. सायली,

कोठडीतल्या मृत्यूची बातमी वाचून तू रागानं लिहिलंस, "आत्या, आमदार ठराव का करत नाहीत?" तुझा राग रास्त आहे. पण अशासकीय ठराव मंजूर झाला तरी सभागृहाचं मत तेवढं नोंदलं जातं. सरकारवर ते बंधनकारक नसतं. वटहुकूम नामंजूर करणाऱ्या ठरावाची गोष्ट वेगळी. विधानसभेनं तो केला आणि विधान परिषदेनं मान्य केला, की वटहुकूम तिथेच संपतो. हे सांगते, कारण आपल्या महाराष्ट्रातल्या पोलीस सुधारणा फेब्रुवारी २०१४ मध्ये आधी वटहुकमानं आल्या आणि मग त्यांचा कायदा झाला.

त्याही सहजासहजी आल्या नाहीत. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस महासंचालक राहिलेले प्रकाश सिंह या सुधारणांसाठी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला २२ सप्टेंबर २००६ रोजी. त्यानंतर आपल्या कायद्याला आणखी आठ वर्षं लागली.

तू कायदा शिकतेस, म्हणून त्यातलं राज्य सुरक्षा आयोगाचं कलम नीट वाच. पोलिसांवर राजकीय दबाव येऊ नये, यासाठी हा आयोग. अध्यक्ष कोण? गृहमंत्री. सदस्य-सचिव पोलीस महासंचालक. पाच अशासकीय सदस्य असतात, पण त्यांनाही नेमणार सरकारच. सत्तेबाहेरचा म्हणावा असा हक्काचा माणूस एकच, विधानसभेतला विरोधी पक्षनेता. आणि २०२४ च्या निवडणुकीनंतर ते पदच रिकामं राहिलं! आयोगाच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असं न्यायालयानं म्हटलं होतं. आपल्या कायद्यानं त्या सल्ल्यापुरत्या ठेवल्या. मला हे मान्य नाही. ज्याच्या दबावापासून वाचवायचं, त्यानंच नेमायचं आणि सल्ला ऐकायचा की नाही हेही त्यानंच ठरवायचं, याला देखरेख कशी म्हणायची?

मुदतीचंही तसंच. अधिकाऱ्याला ठाण्यात दोन वर्षं मिळायला हवीत, पण जनहित आणि प्रशासकीय निकड एवढं लिहिलं की मुदतपूर्व बदली करता येते. मग तो बिचारा मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, खेटे घालत बसतो.

पोलीस तक्रार प्राधिकरणाबद्दल मात्र जास्त जीव तुटतो. कोठडीतला मृत्यू, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, या तक्रारी तिथे नेता येतात. न्यायालयाला ते प्रत्येक जिल्ह्यात हवं होतं. आपण राज्य आणि महसुली विभागावर थांबलो. पोलिसांनी नवऱ्याला ठाण्यात मारलं म्हणून गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या बाईनं दाद मागायची, तर जायचं नागपूर विभागाकडे. एका दिवसाची मजुरी बुडवून, एसटी बदलत, त्याच ठाण्यासमोरून.

न्यायालयानं राज्य प्राधिकरणाचा अध्यक्ष मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या नावांतून निवडायला सांगितलं होतं. ते वाक्य आणि आपलं कलम शेजारी ठेवून वाच, आणि फरक मला कळव.

आणि एक काम कर. अधिवेशनाआधी तुझ्या आमदारांना भेट. ठराव मागू नकोस, तारांकित प्रश्न माग: सुरक्षा आयोगाच्या बैठका कधी झाल्या, त्याचा अहवाल सभागृहापुढे कधी ठेवला, प्राधिकरणातली किती पदं किती काळ रिकामी आहेत? मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि ते छापलं जातं. आलं की मला पाठव.

तुझी,
आत्या